मोडक्या घराचा कॅप्टन

बहारीनमधल्या तुबलीच्या गॅरेजात खटारा इंजिनं खोलण्यात शंभूची उमेदीची वर्षं गेली, पण नव्या सुपरवायझरइतकं पोकळ खोकं त्यानं पाहिलं नव्हतं. हा झोरान म्हणे सर्बिया-माँटेनेग्रो या पुढे फुटून दोन झालेल्या देशाच्या फौजेतला कॅप्टन. रोज सकाळी मेकॅनिकांना रांगेत उभं करून सलाम ठोकायला लावायचा.

"कसला कॅप्टन!" शंभू जोडीदाराजवळ थुंकत म्हणाला. "दोन राज्यांना मिळून एक घर चालवता आलं नाही. तीन वर्षांत खलास! समुद्र गेला एकाकडे, दुसरा बसला कोरडा. अकला गहाण टाकलेल्या ह्यांनी. आणि मिजास बघा!"

तेवढ्यात गुहागरहून बायकोचा फोन आला.

"तुम्ही सांगितलंत तशी घर-अंगणाच्या मधोमध भिंत घातली हो. पण विहीर धाकट्या भावोजींकडे गेली."