पार्वताबाईचं रक्त जातं कुठे?

पार्वताबाई चोपड्याजवळच्या एका गावात राहते आणि केळीच्या बागेत रोजाने जाते. वय सत्तेचाळीस. आमचं माहेर एकच, मी तिला अक्का म्हणते. मी धुळ्याला राहते, शाळा आठवीपर्यंत, पण दवाखान्याचे कागद वाचून घ्यायला मी कुणाच्या दारात जात नाही. रांगेत उभं राहून, भांडून, मी ते स्वतः शिकले. म्हणूनच शनिवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा, यादवभाऊचा फोन आला.

"रूपाताई, गुरुवारले अक्कानं ऑपरेशन शे. पिशवी काढनी शे. सही कराना पहिले तू एकदाव कागद देखी ले."

मिळेल ती एसटी धरली. अक्काचं घर म्हणजे ओट्यावर चढताना आपलीच चप्पल आपल्याला मळकट वाटावी असं. फळीवरची भांडी अशी घासलेली की तोंड बघून घ्यावं. पण घासणारीचं तोंड बघवत नव्हतं. ओठ पिठासारखे पांढरे. नळावरून एक कळशी आणताना दोनदा टेकली.

तीन वर्षांची फाईल होती. सलाईन, ताकदीच्या बाटल्या, लोहाची इंजेक्शनं. रक्त थोडं वर चढायचं, दोन महिन्यांत पुन्हा खाली. आता पाच पॉइंट आठ. बाईच्या अंगात बारा तरी हवं. जळगावच्या एका खाजगी डॉक्टरने लिहिलं होतं, गर्भपिशवीला सूज, रक्तस्राव, पिशवी काढणे. बुधवारी भरती करून रक्त चढवणार, गुरुवारी ऑपरेशन.

"अक्का, पाळीत किती जातं?"

ती हसली. "कोनती पाळी? चार वरीस हुई गयात बंद हुईसन."

"मग डॉक्टरला सांगितलं नाहीस?"

"त्यानी इचारंच नही. पोट दुखस का इचारं, मी हा म्हनं."

माझं डोकं फिरलं. पाळी बंद, मग रक्त जातं कुठे? हवेत उडतं का? दोन वर्षांपूर्वी धुळ्यात वीटभट्टीवरच्या एका बाईचं असंच पांढरं तोंड मी पाहिलं होतं. तिच्या पोटात जंत निघाले होते, रक्त पिणारे. केळीच्या बागेत ठिबकमुळे माती बारा महिने ओली. चप्पल रुतते म्हणून बाया अनवाणी. बागेत संडास नाही, म्हणून आडोशाला त्याच मातीत बसायचं. जंतांना आणखी काय पाहिजे? पण अक्काच्या फाईलमध्ये संडास तपासणीचे दोन जुने रिपोर्ट होते आणि दोन्हींवर 'नॉर्मल' लिहिलेलं.

"पुन्हा करायची," मी म्हटलं. सोमवारी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या लॅबमध्ये लीलाधरभाऊ म्हणून तंत्रज्ञ आहेत. त्यांनी एक डबी दिली. अक्काने ती विंचू धरावा तशी दोन बोटांत धरली आणि पदराखाली लपवली.

मंगळवारी नमुना दिला. तासाभराने लीलाधरभाऊ खिडकीत आले. "ताई, जंतांची अंडी काही दिसली नाहीत. पण नमुना बरोबर नाही, तेलाचे थेंब आहेत. आठ दिवसांनी पुन्हा आणा."

"आठ दिवस? परवा तिचं पोट फाडणार आहेत! नीट बघितलंत का? की मोबाईल बघत बघत बघितलंत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "ओरडून अंडी दिसत असती ताई, तर मीही ओरडलो असतो."

रांगेतली माणसं हसली. मला अजून बोलायचं होतं, पण अक्काने माझा हात धरून मला बाहेर पत्र्याच्या शेडखाली ओढलं.

"त्याले नको बोलू. मीच एरंडेल पिनी व्हती."

"कशाला?"

"पोट साफ कराले. साहेबले घाण कशी दखाडू? पहिले बी दोन्ही डाव तशीच गयथी."

म्हणजे तीन वर्षांत दोनदा डॉक्टरांनी तपासणी लिहिली, आणि दोन्ही वेळा ही बाई पाहुणा येणार म्हणून अंगण झाडावं तसं पोट झाडून गेली. तेलाने धुतलेल्या नमुन्यात लीलाधरभाऊंना काय दिसणार, दगड?

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण आई आठवली. आमच्या दोघींच्या आयांना गावाने घाण हा शब्द नावासारखा चिकटवला होता. विहिरीवर लांब उभं राहायचं, ओंजळीत वरून पाणी. त्या शब्दाशी अक्का जन्मभर राखेने भांडी घासून भांडत आली. आता एका अनोळखी माणसाच्या हातात ती आपल्या हाताने डबी कशी देणार होती? हे तिने सांगायची वेळ यायला नको होती. मला आधीच कळायला पाहिजे होतं.

आत जाऊन लीलाधरभाऊंना म्हटलं, "चुकलं माझं." याहून लांब माफी मला येत नाही.

ते म्हणाले, "ठीक आहे. पण तेलाचा असर जायला आठवडा लागेल. त्याआधी मी बघून उपयोग नाही."

ऑपरेशन दोन दिवसांवर, तपासणी आठ दिवसांवर.

बुधवारी सकाळी गाडी आली. किरण म्हणून एक तरुण आहे, गावोगावच्या बाया गोळा करून जळगावच्या त्याच डॉक्टरकडे नेतो. गाडीत दोघी आधीच बसलेल्या. "चला मावशी, सरकारी योजनेत मंजूर झालंय. आज नंबर सोडला तर पुन्हा मिळणार नाही."

यादवभाऊ दाराशी घुटमळत होता. "काढी टाक ना. गावमा बठ्ठ्या बायासन्या काढ्यात. तुले बरं वाटी."

मी काही बोलायच्या आत अक्का ओट्यावरून खाली उतरली. चालताना धाप लागत होती, तरी गाडीपर्यंत गेली.

"किरण, पिशवी काढी म्हंजे रक्त भरई का?"

"डॉक्टर म्हणतात तर..."

"तू काय म्हनस? लिखी दे."

"असं कोण लिहून देतं मावशी?"

"मंग जाय. मना पोटवर कोनीबी लिखस, माले लिखी देवाले कोनी नही."

गाडीतल्या एकीने तोंडाला पदर लावला. किरण मला म्हणाला, "तुम्हीच भरवलं हे. हिला काही झालं तर?" गाडी निघून गेली.

अक्का ओट्यावर बसली. "रूपा, नहीच निंघनं काही, तं?"

मी फाईल पुन्हा पिशवीत भरली. किरणचा प्रश्न मला टोचत होता, तो खोटा नव्हता. पाच पॉइंट आठवर बाई घरी ठेवायची कशी? दुपारी तिला पुन्हा तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फाईल बघितली, पाळीचं स्वतः विचारलं आणि दाखल करून आधी रक्ताची एक बाटली लावली. पुढचे दिवस मी धुळ्याला होते आणि नव्हते. दिवसातून चार वेळा फोन. यादवभाऊ कंटाळून म्हणाला, "ताई, जित्ती शे, चहा पी ऱ्हायनी."

पुढच्या बुधवारी मी परत आले, अक्काने नमुना आणला. एरंडेल नाही, काही नाही, अर्ध्या तासाच्या आतला. लीलाधरभाऊ बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. मी दोनदा खिडकीशी जाऊन परत आले.

मग ते म्हणाले, "मावशी, आत या. बघा."

तिने डोळा लावला. मलाही बघू दिलं. पातळ सालीची, फिकट, लांबट गोल अंडी, एका काचेवर कितीतरी. लीलाधरभाऊंनी सांगितलं, हूकवर्म, आकड्यासारख्या तोंडाचे जंत. ओल्या मातीतून पायाच्या कातडीत शिरतात, आतड्याला चावून लटकतात, रोज रक्त पितात.

अक्काने पुन्हा डोळा लावला. "इतला दिन मी यासलेच पोसी ऱ्हायनी?"

डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस जंताच्या गोळ्या दिल्या, घरातल्या सगळ्यांनाही दिल्या. लोहाच्या गोळ्या तीन महिने, आणि बागेत पायात बूट. बुटांवरून मळ्याच्या मालकाने तिला "पोलीसबाई" म्हणून घेतलं. ती म्हणाली, "मंग भ्या माले."

तिसऱ्या महिन्यात रक्त नऊ पॉइंट चार. मी खूश झाले, तोवर लीलाधरभाऊ म्हणाले, अंडी अजून तुरळक दिसतात, पुन्हा तीन दिवस गोळ्या, पुन्हा नमुना. मी चिडले. अक्का चिडली नाही. ती त्यांना विचारत होती, "मनासंगे बागमा अकरा बाया शेतस. त्यासनं कोन देखी?"

"आणा नमुने, बघतो."

"डब्या द्या."

त्यांनी कपाट उघडलं. सहाच निघाल्या, पुढच्या कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, वरच्या साहेबाला फोन लावते, आत्ता लावते. अक्काने डब्या पिशवीत टाकल्या.

"तू लाव फोन," ती म्हणाली. "या सहा मी पहिले त्यासले देस, ज्यासनी पिशवी काढानी तारीख लागेल शे."