पाठ करून जेवणाऱ्या मॅडम

सावंत मॅडम पहिल्यांदा आमच्या भिसेगावच्या घरी आल्या, तेव्हा त्यांनी पिशवीतून डबा काढला, माझ्या मुलीकडे पाठ केली आणि जेवायला लागल्या.

मी म्हणालो, "तपासायला आलात की जेवायला?"

"दोनी. तुमी पन बसा, शेठ. फक्त तिच्याकडं बघू नका."

मॅडम पळसदरीच्या शेतकरी घरातल्या. मानसशास्त्र शिकल्या, पण बोलणं गावचंच राहिलं. माझी मुलगी मनवा स्वमग्न आहे; ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिचं खाणं सुटत चाललं होतं. चालताना भिंत धरायची.

त्याआधी मुंबईच्या एका दवाखान्यात तिला छापील प्रश्न विचारले होते. जाड व्हायची भीती वाटते का? ती हो म्हणाली. झालं. बारीक राहायचं वेड आहे, समोर बसून ताट संपवायला लावा, असं सांगून आम्हाला परत पाठवलं. त्या कागदावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी रोज समोर बसून भाव करायचो. चार घास खा. बरं, तीन. दोन तरी. माझा आवाज चढायचा आणि तिचे हात कानांवर जायचे.

मॅडमनी जेवण झाल्यावर तोच प्रश्न विचारला. मनवा म्हणाली, "हो."

"आन बारीक व्हायची?"

"हो."

"आन पंख्याची?"

"हो."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ती उत्तर देत नाय, शेठ. प्रश्न संपवतेय."

त्यांनी आधी रक्त तपासून घेतलं. मग दर शनिवारी जेवायच्या वेळेला येत राहिल्या. तिसऱ्या शनिवारी स्वयंपाकघरात पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "मागल्या खेपेला दाना लांब होता. तांदूळ बदलला?"

"सारखाच बदलतो," मी सांगितलं. माझा तांदळाचा धंदा. येईल तो नमुना आधी घरी शिजतो, खाल्ल्याशिवाय मी माल घेत नाही. त्या वर्षी धंदा वाढला होता, नमुनेही वाढले होते. मनवा दहीभाताशिवाय काही खात नव्हती. "पण दह्यात कालवल्यावर तिला काय कळतंय?"

"तुमी एक दाना चावून अख्खा टेंपो परत धाडता. लेक कोनाची हाय?"

मी आयुष्यभर बोलून पोट भरलं. तेव्हा मात्र पातेल्यातला एक दाणा उचलून चावला.

एकाच मालातल्या कोलम तांदळाची दोन पोती मनवासाठी वेगळी काढली. समोर बसणं बंद केलं. वजन वाढलं, पण फार सावकाश, मध्ये दोनदा घसरूनही. मी चिडलो की मॅडम म्हणायच्या, "काट्याचं ऐका, पन तिचं आदी."

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. मनवाला सांगितलं, तर तिने विचारलं, "मग शनिवारी पाठ कोण करणार?"

आता मी करतो. दुकानातून दमून येतो, ताट घेऊन तिच्याकडे पाठ करून बसतो. मागे चमचा वाजतो, मध्येच थांबतो. "अजून दोन" माझ्या ओठांवर येतं. मी आपला घास चावत राहतो. वळत नाही.