जुंपून पाहिलेला मदरबोर्ड

घरात कोणी आजारी पडलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एक औषध सांगतो आणि एक गोष्ट ठेवून जातो. पेशंट बरा होतो, औषधं विसरली जातात, गोष्टी मात्र घरातच राहतात. आमच्याकडे आजारी पडला होता कॉम्प्युटर. त्यामुळे औषधं जास्तच आली, आणि गोष्टींचं तर विचारूच नका.

आधी पेशंटची ओळख करून देते. आमच्या लग्नाच्या वेळी घेतलेला तो डबा. तेव्हा गल्लीतली माणसं त्याला बघायला यायची. आता त्याचं बटण दाबून मी कणीक मळून घेत असे, तेव्हा कुठे तो उघडायचा.

मी धामणगाव बढ्याला पहिलीला शिकवत होते. पोळ्याला पोरांनी मातीचे बैल केले, ते इतके गोड की मोडवेनात. मग त्या बैलांना थोडं सरकवायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचं, असं करत वर्षभर आम्ही एक सिनेमा केला. 'ढवळ्या रुसला' असं त्याचं नाव. बैलांचे आवाज पोरांचेच. सगळे फोटो आणि आवाज जोडून त्याचा सिनेमा करायचं काम घरच्या कॉम्प्युटरचं, आणि तो दर वेळी अर्ध्यावर मान टाकायचा.

त्यातच माझ्या बदलीचा कागद आला. शाळेचा शेवटचा दिवस तोच माझाही शेवटचा. त्याआधी सिनेमा झाला नाही तर पोरांना त्यांचाच ढवळ्या कधी दिसणार नव्हता. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

*

मशीन तापून बंद पडतं, हे सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, ओळखलं. मामाजींचा जन्म वडनेर भोलजीला बैलांमागे गेलेला. त्यांनी डब्याचा एका बाजूचा पत्रा काढला आणि घरातला एकुलता एक कूलर त्याच्यासमोर आणून ठेवला. एप्रिलचं ऊन, आम्ही सगळे घामाघूम, आणि कॉम्प्युटर थंडगार वाऱ्यात.

शेजारच्या काकू आल्या. पदराने वारा घेत म्हणाल्या, "आमाले बी जरासं वारं येऊ द्या की."

मामाजी म्हणाले, "तिकडून बसा. त्याच्या मागून जे येते ते घ्या."

तरीही तो बंद पडलाच.

*

आमचे हे, म्हणजे संजय, कमी बोलतात आणि एकदम काहीतरी करून बसतात. एक दिवस पार्सल आलं. आत काडेपेटीएवढा प्रोसेसर. "कॉम्प्युटरचा मेंदू असतो हा," ते म्हणाले. "जुना काढला की झालं."

जुना काढला. नवा त्या खाचेवर ठेवला. इकडून ठेवला, तिकडून ठेवला. नवा जरा मोठा, जुन्या मदरबोर्डवरची खाच वेगळी. ह्यांनी चष्मा पुसला आणि परत ठेवून पाहिला.

मामाजी बाजेवरून बघत होते. "संजू, काऊन दाबून राह्यला बे त्याले?"

"बसत नाही बाबा. ह्याला बोर्डही नवा लागेल."

"मंग पार्सल बोलावाच्या आधी जुन्या बोर्डाले इचारलं नाई काय?"

ह्यांनी प्रोसेसर परत डबीत ठेवला. 

*

दुसऱ्या दिवशी रविवार. बुलढाण्याला नेऊन बोर्ड बसवून आणायचा असं ठरलं. डब्याला गोधडीत गुंडाळलं आणि आम्ही तिघे एसटीत बसलो. मामाजींनी त्याला खिडकीची सीट दिली आणि स्वतः उभे राहिले. राजूर घाटात प्रत्येक वळणावर ते वरून हात धरत होते.

कंडक्टर आला. "बाबा, हे काय हाय?"

"घरचा पेशंट हाय. बुलढाण्याले दाखवाले नेऊन राह्यलो."

"काय होते त्याले?"

"चालता चालता बसते."

कंडक्टरने गोधडीकडे बघितलं, मामाजींकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "आमच्या गाडीले बी तेच होते. कुठी दाखवता ते सांगजा."

*

इरफानभाईंचं दुकान म्हणजे जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं दुकान, असं इरफानभाईंचं म्हणणं. त्यांनी प्रोसेसर हातात घेतला, "चीज अच्छी आनली," म्हणाले आणि त्याला चालतील असे दोन बोर्ड काउंटरवर मांडले. एक साधा. दुसरा लावल्यावर लाल, निळा, हिरवा उजेड पडणारा.

"भाभी, हाच न्या. गेमिंगचा हाय. रात्री घरात लाइट लावाची गरज नाई."

संजयचा चेहरा त्या उजेडासारखाच खुलला. मामाजींनी बोर्ड उचलून उलटा केला, परत सुलटा केला.

"शिंगं रंगवले म्हून बैल जास्त चालते काय, भाऊ?"

इरफानभाई हसले आणि रंगीत बोर्ड त्यांनी स्वतःच खोक्यात घातला. जुनी रॅम ह्यात बसणार नाही, तीही नवी लागेल, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. साधा बोर्ड ठरला. मला वाटलं, आता बांधून देतील. पण मामाजी स्टूल ओढून बसले.

"आता जुंपून दाखवा."

"म्हंजे?"

"बाजारात बैल घेतला तं आमी गाडीले जुंपून पायतो. दोन फेऱ्या मारल्याबिगर दावं हातात घेत नाई."

"बाबा, हे खोलून लावलं की कंपनी वापस घेत नाई."

"चालला तं वापस कायले करीन मी?"

इरफानभाईंनी स्क्रूड्रायव्हर काढला. त्यांनी काउंटरवरच खोक्यावर बोर्ड ठेवला, प्रोसेसर बसवला, वर पंखा, बाजूला रॅम. तोवर दुकानात आलेली गिऱ्हाइकं आपापली कामं सोडून भोवती उभी राहिली. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. परत दाबलं. परत काळा.  शाळेचा शेवटचा दिवस त्याच आठवड्यात होता.

मामाजी शांतपणे म्हणाले, "पाय तं हालवून राह्यला, डोये उघडत नाई."

इरफानभाईंनी घाम पुसला, सगळ्या वायरी एकेक करून बघितल्या आणि प्रोसेसरची एक वायर लावायचीच राहिली होती ती मुकाट लावली. पडदा उजळला. आमची जुनी हार्डडिस्क जोडली, ढवळ्याची फाईल उघडली, आणि आमच्या घरी ठेचकाळत चालणारा ढवळ्या पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेला. अडखळला नाही. मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

रिचार्ज करायला आलेला एक माणूस म्हणाला, "अजून एक फेरी मारू द्या."

*

डबा घरी आला तेव्हा मी पुढे होऊन कुलूप उघडलं. वळून बघते तर संजय डबा घेऊन उंबऱ्याबाहेर उभे आणि मामाजींच्या हातात पाण्याचा तांब्या. घरात नवं जनावर आणलं की त्याच्या पायावर पाणी घालायचं, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत. डब्याला खाली रबराचे चार पाय होतेच.

"मामाजी, नको!" मी ओरडले.

ते थांबले. पण तांब्या भरलेला, आणि तसाच परत न्यायचा कसा? त्यांनी थोडा विचार केला आणि सगळं पाणी संजयच्या पायांवर ओतलं. ह्यांनी मोज्यांसकट गृहप्रवेश केला.

*

संध्याकाळी मी सिनेमा तयार करायला लावला. पूर्वी हे काम सकाळी लावलं की दिवस मावळेपर्यंत चालायचं आणि मग बंद पडायचं. ह्या वेळी मी चहा टाकायला गेले, गाळून आणला, तर पडद्यावर 'काम पूर्ण' असं आलेलं.

मला रडूच आलं. मामाजींना मात्र संशय.

"एवढ्यात झालं? कुठी काही सोडलं असंन त्यानं. पुन्हा कराले लाव."

परत लावलं. चहा संपायच्या आत परत झालं. तेव्हा कुठे मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. मग ते अंगणात गेले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बोलावून सांगत बसले की हा बोर्ड त्यांनी स्वतः पारखून आणलाय.

*

शाळेचा शेवटचा दिवस. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि शाळेच्या टीव्हीवर सिनेमा लावला. कोणीच आपल्याला विचारत नाही म्हणून ढवळ्या रुसतो, घर सोडतो, सगळं गाव त्याला शोधतं, आणि शेवटी तो दमून, उपाशीपोटी आपल्या गोठ्यात परत येतो. पोरांनी आपापला आवाज ओळखून आरोळ्या मारल्या. "बाई, अजून एकदा," करत तीन वेळा बघितला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला कोणाहीपेक्षा मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

मग मी ऑफिसात सह्या करायला गेले. परत आले तर वर्ग गप्प. टीव्हीवर सिनेमाचं शेवटचं चित्र तसंच थांबलेलं, गोठ्यात उभा ढवळ्या. आणि टीव्हीखाली हिरव्या गवताच्या मुठी. कोणी हापशाजवळून उपटून आणलेल्या, कोणी बांधावरून. समोर पोरं मांडी घालून बसलेली.

"अरे, हे काय मांडलंय?" मी विचारलं.

पुढच्या रांगेतल्या सानिकाने वळून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना बाई. तो खाऊन राह्यला."