भाषण संपेपर्यंत कॉम्प्रेसर बंद

चीफ गेस्टना यायला उशीर होता. तोवर मुलांना लाडू वाटून टाका, असं कोणीतरी माइकवरून सांगितलं. मी हातातला कापूस खाली ठेवला. सकाळपासून ज्या मुलांच्या दाढा घासून स्वच्छ करून घेतल्या होत्या, ती मुलं आता मोतीचुराचे लाडू खात माझ्यासमोर रांगेत उभी होती.

जबलपूर जिल्ह्यातल्या कुंडमच्या शाळेतला हा दंतशिबिराचा कार्यक्रम. मी तेव्हा जबलपूरच्या एका सरकारी इस्पितळात डेंटल सर्जन होतो. कॉरिडॉरच्या टोकाला, स्टोअररूमच्या पुढे माझी खोली. त्या इस्पितळात दातांचा डॉक्टर एकच असल्यामुळे मी सीनियरही होतो आणि ज्युनियरही.

शिबिरात मुलांना सीलंट लावायचं होतं. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे तीही दुधाचीच समजून लोक सोडून देतात. खरं तर ती आयुष्यभराची असते. तिच्या माथ्यावर इतक्या बारीक खाचा असतात की ब्रशचा केससुद्धा आत शिरत नाही. अन्न मात्र शिरतं. या खाचा कीड लागण्याआधीच एका पातळ, प्लास्टिकसारख्या थराने बुजवायच्या, म्हणजे सीलंट. दाढ घासायची, जेल लावून पृष्ठभाग किंचित खरखरीत करायचा, धुवायची, हवेच्या झोताने खडूसारखी पांढरी दिसेपर्यंत वाळवायची, मग थर लावून निळ्या लाइटने कडक करायचा. सगळी मदार त्या वाळवण्यावर. थेंबभर थुंकी लागली तरी थर धरत नाही. लावल्यावर दिसतो मात्र अगदी छान.

हवेसाठी कॉम्प्रेसर आणला होता. चीफ गेस्ट आले, हारतुरे झाले, भाषण सुरू झालं. पाचव्या मिनिटाला आमच्या इस्पितळाचे साहेब वाकून माझ्याजवळ आले.

"डॉक्टर साहब, आपकी मशीन बहुत घर्र-घर्र कर रही है. बंद करवाइए."

"सर, हवा नहीं मिलेगी तो दांत सूखेगा नहीं."

"रुई है ना आपके पास?"

"तो फिर भाषण के बाद करते हैं."

"भाषण के बाद वो निकल जाएंगे. जाने से पहले उनको माइक पर बच्चों की संख्या बोलनी है."

मौखिक आरोग्यावरचं भाषण ऐकू यावं म्हणून दात वाळवायचं यंत्र बंद झालं. मी कापसाने दाढा टिपत राहिलो आणि थर लावत राहिलो. कापसाने काम होतं, पण त्याला वेळ लागतो, दर दाढेला नवा कापूस लागतो आणि तोंड मिटू न देणारा एक माणूस लागतो. माझ्याकडे यातलं काहीच पुरेसं नव्हतं. एका मुलीची खालची डावी दाढ मला अजून आठवते. सुकवती नाव, वय सात. जेल धुतल्यावर तिने जीभ फिरवली. दाढ पुन्हा पहिल्यापासून करायला हवी होती. मी स्टेजकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी थर लावला आणि लाइट धरला.

निरोपाच्या वेळी चीफ गेस्ट माइकवर म्हणाले, "इन बच्चों के दांत में अब जिंदगी भर कीड़ा नहीं लगेगा." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

सीलंट टिकलं का, हे सहा महिन्यांनी पाहायचं असतं. मी गाडी मागितली. साहेब म्हणाले, "फिर से उद्घाटन थोड़ी है." म्हणून बसने गेलो. बॅगेत आरसे, कापूस, बॅटरीवरचा लाइट आणि हवेसाठी हाताने दाबायचा रबरी फुगा. सोबत कोणी नव्हतं. बसमधल्या शेजाऱ्याने विचारलं, "घड़ी सुधारते हो, दादा?" मी हो म्हणालो. तेवढ्यावर कुंडमपर्यंत शांतता मिळाली.

शाळेच्या फाटकावर हेडमास्तरीण मेश्राम मॅडम उभ्या होत्या. शिबिराच्या दिवशी त्या खुर्च्या मोजण्यात गुंतल्या होत्या, बोलणं झालं नव्हतं.

"काय डॉक्टरसाहेब, आज एकटेच? माइक काहून नाही आणला?"

मी थबकलो. आई गेल्यापासून माझ्याशी समोरासमोर मराठीत कोणी बोललं नव्हतं. बायको त्याआधीच गेलेली. मुलगा बेंगळुरूला, मराठी समजते त्याला, पण फोन हिंदीतच होतो, आणि तोही लवकर संपतो. उत्तर द्यायला मला शब्द गोळा करावे लागले.

"तुम्ही मराठी?"

"भंडाऱ्याची. मेश्राम आडनाव ऐकून समजलं नाही का? बावीस वर्षं झाली इथे. भिंतीशी मराठीत बोलून राहिले मी."

व्हरांड्यात खुर्ची टाकून मुलं पाहायला घेतली. तिसऱ्या-चौथ्या तोंडातच कळलं. बहुतेक थर निघून गेले होते. सुकवती आली. डाव्या दाढेवर थर नव्हता, खाचेत तपकिरी खड्डा होता. उजव्या दाढेचाही थर गेलेला, पण ती अजून शाबूत होती. ती वाचवता येणार होती, आणि त्याच दिवशी. मी पुन्हा केव्हा येईन याची खात्री नव्हती.

मॅडमनी तिच्या आईला बोलावून आणलं. डाव्या दाढेतली कीड हातानेच खरवडून दातांचं सिमेंट भरायला ती बाई तयार झाली. उजवीला मात्र हात लावू देईना.

"आप ही लोग तो बोले थे, जिंदगी भर कीड़ा नहीं लगेगा. हमने तो सुबह की दातुन भी छुड़वा दी."

मी बोललो नव्हतो, हे खरं. टाळ्या वाजवल्या होत्या, हेही खरं. मी म्हणालो, "वो गलत बोला गया था. और दवा मैंने गीले दांत पर लगाई थी. गलती मेरी है."

ती मुलीचा हात धरून उठली. डॉक्टरने चूक कबूल केली की माणसाचा विश्वास वाढतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. लिहिणारा कुंडमला आला नसावा.

तेवढ्यात मेश्राम मॅडम येऊन खुर्चीत बसल्या. "पहले मेरा लगाओ," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मग मला हळूच, "मोठ्या माणसाले चालते ना हो? नाही तर माझी फजिती करसान."

चालतं. मोठ्यांच्याही दाढेला खोल खाचा असतील आणि कीड नसेल तर सीलंट लावता येतं. मॅडमची एक दाढ अगदी तशीच निघाली. मी रबरी फुगा दाबत राहिलो. कुठे घाई नव्हती. दाढ खडूसारखी पांढरी झाली तेव्हा सुकवतीच्या आईला जवळ बोलावून दाखवली. "ऐसा सूखा चाहिए. उस दिन ऐसा नहीं था." तिने वाकून नीट पाहिलं. अख्खी शाळा हेडमास्तरणीचं उघडं तोंड पाहत होती आणि एकही मूल हसलं नाही.

मॅडम उठल्या. त्यांच्या जागी सुकवती बसली, दोन्ही दाढांसाठी. कापूस मॅडमनी धरला. आई म्हणाली, "दातुन?"

"रोज. ये लगने के बाद भी."

जबलपूरला परतून मी रिपोर्टमध्ये किती थर निघून गेले ते लिहिलं. साहेबांनी बोलावलं.

"आपसे गिनने को किसने कहा था?"

"किसी ने नहीं, सर."

"तो 'संतोषजनक' लिखिए."

मी आकडा तसाच ठेवला. रिपोर्ट कपाटात गेला. पुढच्या वर्षी शिबिर डोळ्यांचं झालं.

मी दर सहा महिन्यांनी रजा टाकून कुंडमला जात राहिलो. मधल्या काळात मेश्राम मॅडम जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये ऑफिसचं काम असलं की माझ्या खोलीत यायच्या, सीलंट तपासायला. ते दोन मिनिटांचं काम. आम्हाला अर्धा तास लागायचा. त्यांचं तोंड उघडं असल्यामुळे बोलायचो मीच, मराठीत. तोंड मिटताच त्या माझं मराठी दुरुस्त करायच्या. मग त्या रिटायर होऊन भंडाऱ्याला गेल्या. शेवटचं पाहिलं तेव्हा त्यांचं सीलंट जागेवर होतं.

सुकवतीची उजवी दाढ मी चार वेळा पाहिली. चौथ्या वेळी थर एका कोपऱ्यात झिजला होता, तिथे पुन्हा लावला. खाली दाढ शाबूत होती. डावीतलं सिमेंट मात्र मला दोनदा बदलावं लागलं.

मीही आता रिटायर आहे. या कामातून शिकलो ते एवढंच: दात कोरडा होईपर्यंत थांबायचं आणि सहा महिन्यांनी परत जाऊन पाहायचं. दोन्ही वेळी टाळ्या वाजवायला कोणी नसतं.