पास्काझियाचं गोड बोलणं

आमच्या न्याकिबिंगो वाडीत पास्काझियाच्या टोमण्यांचा कुणाला राग नव्हता. केळीच्या बागांमधून मिशनच्या देवळाकडे जाणारी पायवाट तिच्या दारापुढून जायची, आणि त्या वाटेनं नवं काही घेऊन निघालेल्याला ती अडवायचीच. कुणाच्या डोक्यावर नवा पत्रा दिसला की म्हणायची, "चमकतोय हो. गंज मागून येतोय, वाट विचारत." कुणाच्या केळीला दांडगा घड लागला तर कुंपणाला टेकून निवांत बघायची आणि म्हणायची, "आमच्या केळींना बाई लाज आहे. एवढं उघडंवाघडं नाही जमत त्यांना." माणसं हसायची, पुढे जायची.

दुसऱ्याचं बरं झालेलं तिला बघवत नसे, आणि हे ती लपवतही नसे. गरजेल तो पडेल काय, असा आमचा साधा हिशेब होता. आमच्याकडे भीती असते ती न बोलणाऱ्या मत्सराची. जेवायला बसताना आम्ही दार ओढून घेतो ते काही माश्यांसाठी नव्हे.

तिला मत्सर वाटायला कारणं भरपूर होती. नवरा कॉफीची पोती वाहता वाहता गेला. मुलगा झालाच नाही. मुलींपैकी एकटी जस्टा जगली, ती खाली मुलेबाच्या बाजूला सरोवराकाठी मासेवाल्याला दिलेली. बाग नवऱ्याच्या कुळाची. मुलगा नसलेल्या विधवेनं तिथं राहायचं ते दिराच्या मर्जीवर. दीर प्रोजेस्टस, त्याची बाग शेजारीच. एका साली त्यानं सीमेची झाडं हातभर तिच्या बागेत सरकवून लावली. तेव्हा डीडास गुरुजी आले. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक आणि देवळातले धर्मशिक्षक, आणि संतापी असे की मुलं अजूनही त्यांना बघून उगाच उभी राहतात. त्यांनी ती झाडं उपटली, प्रोजेस्टसच्या अंगणात टाकली, आणि त्याच्या दारात उभं राहून त्याच्या कुळाचा इतिहास आजोबांपासून सांगायला घेतला. दुपारपर्यंत सांगत होते. तेव्हापासून सीमा हलली नव्हती. गुरुजींचा राग हाच पास्काझियाचा सातबारा होता.

त्या वर्षी फादर नोवातुस नवे आले. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवून आलेले, शांत, चांगला माणूस. आमच्या वाडीचा प्रार्थनासमूह दर आठवड्याला एकेकाच्या घरी जमतो. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, त्यानंतर फादर तिथं आले आणि त्यांनी विचारलं, या उपवासकाळात कोण कोणत्या दुर्गुणाशी लढणार? सगळ्यांनी नेहमीप्रमाणे खादाडपणा सांगितला. ज्याच्या घरात साखर नव्हती तोही साखर सोडायला तयार होता. फादरनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, यंदा मी नेमून देतो.

सात मूळ दुर्गुण आणि प्रत्येकावर उतारा असलेला सद्गुण त्यांनी समजावून सांगितला. गर्वावर नम्रता, आळसावर उद्योग, असं. दुर्गुण ही सवय आहे आणि सद्गुण हीसुद्धा सवयच. एक उपटायची तर तिच्या जागी दुसरी लावा. मनात नसलं तरी हातानं करा. हात पुढे जातो, मन मागून येतं. हे सगळं चर्चचं जुनं, खरं शिक्षण आहे आणि फादरनी त्यात एक शब्दही चुकवला नाही. मोठमोठ्या आचार्यांनी त्याला एक जोड दिलेली आहे, की विवेकाचा हात सुटला की बाकीचे सद्गुण आंधळे. पण विवेक त्या सातांत येत नाही, त्यामुळे तो कुणाच्याच वाट्याला आला नाही.

प्रोजेस्टसला लोभ मिळाला. त्यानं औदार्य पाळायचं. डीडास गुरुजींना क्रोध. त्यांनी ईस्टरपर्यंत कुणावर आवाज चढवायचा नाही. पास्काझियाला मत्सर, हे सांगायचीही गरज नव्हती. जिचं बरं बघवत नाही तिला काहीतरी दे, फादर म्हणाले, आणि तिचं तोंडभरून कौतुक कर. घरी जाताना मंडळी खूश होती. दुसऱ्याचा दुर्गुण चारचौघांत ऐकायला मिळाला होता.

जिचं बरं बघवत नाही ती कोण, हेही उघड होतं. वाटेपलीकडची लिओकादिया. तिचा मुलगा दार-ए-सलामला नोकरीला, विटांचं घर त्यानंच बांधलेलं, आणि आपला छोटा मुलगा फोर्तुनातुस त्यानं आजीपाशी ठेवलेला. त्या पोराला पास्काझिया रोज बघायची आणि रोज म्हणायची, "हे माकड कुठून धरून आणलंस गं?" लिओकादिया हसून म्हणायची, "झाडावरून पडलं, मावशी." नातवाला कुणी गोंडस म्हणालं असतं तर मात्र तिनं त्याला पदराआड घेतलं असतं. पास्काझियाचं ते 'माकड' म्हणजे पोराच्या गालावरची तीट होती. फुकट मिळायची, रोजच्या रोज.

पास्काझियानं नेमून दिलेलं काम मनावर घेतलं. तिनं आपल्या बागेतला सगळ्यात चांगला घड उतरवला, वाट ओलांडली आणि लिओकादियाच्या दारात ठेवला.

"घे. पोराला शिजवून घाल." आणि मग, फादरनी सांगितलं होतं म्हणून, "किती गोजिरवाणा झालाय गं. कसा गुबगुबीत, नजर ठरत नाही."

लिओकादियानं गुडघे टेकून, दोन्ही हातांनी घड घेतला, जसा घ्यायचा असतो. देव भलं करो म्हणाली. तो घड संध्याकाळच्या आत मागच्या खड्ड्यात गेला आणि त्याच्यावर चुलीतली राख पडली.

पुढच्या आठवड्यात पास्काझियानं सुके मासे नेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात भाजलेल्या शेंगा. वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती आशीर्वाद द्यायला लागली. देव तुझ्या छपराला सांभाळो, तुझ्या गाईला, तुझ्या सुनेच्या पोटाला. सुनेच्या पोटाचं तर अजून घरातच कुणी बोललं नव्हतं. माणसं मान खाली घालून भरभर जायची. मग ओढ्याच्या बाजूनं एक नवी पायवाट पडू लागली. लांबची, चिखलाची, पण तिच्या दारापुढून न जाणारी. दारापुढच्या जुन्या वाटेवर गवत आलं.

पावसाळा लागला होता. वाडीतल्या निम्म्या पोरांना ताप होता. फोर्तुनातुसलाही आला. मिशनच्या दवाखान्यात सुई टोचली, ताप उतरला. तो घड पुरल्यामुळे उतरला यावर वाडीचं एकमत झालं. नसता उतरला तर तो घडामुळे चढला होता यावर झालं असतं.

इकडे प्रोजेस्टसचं औदार्य जोरात होतं. त्यानं केळ्यांची बिअर घातली आणि अंगणात रोज माणसं बसवली. उपवासकाळात बिअर कशी, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, मी पीत नाही, पाजतो. यजमानानं पहिला घोट स्वतः घ्यायचा, विष नाही हे दाखवायला, तेवढा तो घ्यायचा. वहिनीबद्दल वावगं एक अक्षर बोलला नाही. नुसतं विचारायचा, "वहिनी हल्ली एवढी गोड का बोलते, ठाऊक आहे का कुणाला?" आणि पुढच्याचा भोपळा, आमचं बिअर प्यायचं भांडं, पुन्हा भरायचा.

डीडास गुरुजीही तिथं असायचे. एरवी त्यांनी त्या प्रश्नाला असं उत्तर दिलं असतं की भोपळे जागच्या जागी फुटले असते. आता कपाळावरची शीर फुगायची, बोटं खिशातल्या जपमाळेवर फिरायची, आणि ते गप्प. त्यांना गप्प बघून लोक काय समजायचं ते समजले. गुरुजीसुद्धा काही बोलत नाहीत, म्हणजे काहीतरी आहे.

लिओकादिया मात्र वाईट बाई नव्हती. नातवाला पाठीशी बांधून ती एका सकाळी पास्काझियाच्या बागेत गेली. मी दुसऱ्या बाजूच्या माझ्या बागेत कॉफी खुडत होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"मावशी, एकदा ह्याला शिवी घाल."

पास्काझियाचा कोयता वरच्या वर थांबला.

"पूर्वी घालायचीस तशी. माकड म्हण. चारचौघांत म्हण, म्हणजे लोकांचं तोंड बंद होईल. तुझा दीर तुझ्याबद्दल काय पिकवतोय कळतंय ना तुला? तुझ्या पाया पडते मी."

पास्काझियानं कोयता खाली ठेवला. पोराकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. फादरनी सांगितलं होतं ते झालं होतं: हात पुढे गेला होता, मन मागून येऊन पोचलं होतं. ते पोर तिला खरोखर आवडायला लागलं होतं.

"नाही जमत गं मला आता," ती म्हणाली. "आतून येतच नाही."

तिच्या दृष्टीनं ही उपवासकाळातली सगळ्यात मोठी कमाई होती. लिओकादियानं पोर पाठीवरून पुढे घेतलं, छातीशी धरलं आणि पाठ न दाखवता, मागे मागे सरकत ती बागेबाहेर गेली.

ईस्टरला जेमतेम आठवडा उरला असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आधी, प्रार्थनासमूह पास्काझियाच्या घरी होता. पाळीच तिची होती. फादर दुसऱ्या वाडीला गेले होते. झाडून सगळे आले. इतकी माणसं तिच्याकडे कधी आली नव्हती, आणि तिला त्याचा आनंद झाला होता. तिनं नवं गवत अंथरलं होतं. जपमाळ झाली, गाणं झालं. मग तिनं पाहुण्यांना देतात तशी भाजलेल्या कॉफीच्या फळांची छोटी टोपली आणली, पहिलं फळ स्वतः चावलं आणि टोपली पुढे केली.

टोपली हातोहात फिरली. प्रत्येकानं ती दोन्ही हातांनी घेतली, मान लववली आणि पुढच्याला दिली. ती परत आली तेव्हा भरलेलीच होती.

मग पास्काझियानं जुन्या माणसांचा रिवाज केला. एक फळ फोडलं. आत दोन बिया असतात, एकमेकींना पोट लावून. ज्या दोघी एका फळाच्या बिया खातात त्यांच्यात वैर राहत नाही, कुणी उलटलं तर ती बीच पोटात उलटते, असं आमचे पूर्वज मानत. एक बी तिनं आपल्या तोंडात टाकली, दुसरी लिओकादियापुढे धरली.

लिओकादियानं ती घेतली, तोंडात घातली. कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. पास्काझिया हसली.

प्रोजेस्टस उठला, हळूच लिओकादियापाशी येऊन बसला. आवाज अगदी मऊ. "लिओकादिया, तोंड उघड बघू."

तिनं ओठ आणखी घट्ट मिटले.

"उघड गं. काही नाही होत."

तिनं डोळे मिटले आणि बी तळहातावर थुंकली. अख्खी होती, दात न लागलेली.

त्यानंतर प्रोजेस्टस जे बोलला त्यात रागाचा लवलेश नव्हता. कुळाला वहिनीचं वाईट करायचं नाही; पोरं तापली आहेत, माणसं घाबरली आहेत, त्यांचा काय भरवसा; तिनं काही दिवस मुलेबाला लेकीकडे राहावं; बाग मी बघतो. सोमवारी मी स्वतः सोडून येतो.

पास्काझियाला तेव्हा सगळं कळलं, टोपली भरलेली का परत आली तेही. ती डीडास गुरुजींकडे वळली.

"गुरुजी, तुम्ही बोला."

गुरुजींच्या हातातल्या टोपीचा चोळामोळा झाला होता. "मी शब्द दिलाय, पास्काझिया," ते म्हणाले. "ईस्टर होऊ दे. ईस्टर झाला की बोलतो."

"ईस्टरला मी कुठं असेन, गुरुजी?"

कुणीतरी शेवटची प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी ती नीट पूर्ण केली.

सोमवारी प्रोजेस्टसनं तिचं गाठोडं स्वतःच्या सायकलला बांधलं. पाऊस भुरभुरत होता. देवळापुढून मोठ्या रस्त्याला न जाता तो तिला नव्या वाटेनं खाली ओढ्याकडे घेऊन गेला. तिकडून जवळ पडतं म्हणाला. दुपार व्हायच्या आत सायकल परत आली होती. मंगळवारी त्याची मुलं पास्काझियाच्या बागेत सीमेची झाडं उपटत होती.

ईस्टरच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर डीडास गुरुजी बोलले. थेट त्या बागेत उभं राहून बोलले, सगळं, आजोबांपासून. इतकं चांगलं ते पूर्वी कधी बोलले नव्हते. प्रोजेस्टसनं मान डोलावत पूर्ण ऐकून घेतलं. फादर नोवातुसनी त्या दिवशी प्रवचनात आमच्या वाडीचं नाव घेतलं होतं, की अख्ख्या उपवासकाळात तिथं एकही भांडण झालं नाही.

पुढच्या रविवारी जस्टा आली. डोक्यावर धुरावलेल्या माशांची टोपली, आईसाठी. बागेत प्रोजेस्टसची मुलं बघून ती गोंधळली आणि वाट ओलांडून लिओकादियाच्या दारात आली. देवळातून परतणारे आम्ही सगळे तिथंच होतो.

"आई कुठंय?" तिनं विचारलं.

लिओकादिया उंबऱ्याबाहेर आली. "तुझ्याकडंच ना?" ती म्हणाली. "तुझ्याकडंच आली ना ती?"

जस्टानं मान हलवली. डोक्यावरची टोपली तिनं खाली ठेवली नाही.

प्रोजेस्टस लगबगीनं पुढे आला, हातात भरलेला भोपळा. पोरगी उन्हातून आली आहे, आधी तिला काही पिऊ तरी द्या, असं म्हणत त्यानं पहिला घोट घेतला. गर्दीतून डीडास गुरुजी त्याच्या समोर येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"तू तिला कुठपर्यंत सोडलंस, प्रोजेस्टस?"

"रस्त्यापर्यंत, गुरुजी."

"ओढ्याकडून रस्ता लागत नाही," गुरुजी म्हणाले.