दोन हाका

भातकुली गावची शकुन पुढे हट्टी म्हणून प्रसिद्ध झाली. हट्टी कसली? एखादी गोष्ट करू नको म्हटलं की न करणारी, इतकी ती सरळ होती. तिचं जे वाटोळं झालं ते या सरळपणानंच झालं.

माळ्याच्या घरची सून. एकोणीस वर्षांची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि दसऱ्याच्या सुमारास झेंडू. आठवडाभर मातीत वाकायचं आणि इतवारी बैलबंडी भरून अमरावतीच्या बाजारात जायचं. कडेवर दहा महिन्यांचा शेषा. नवरा सूर्यभान भला माणूस, पण आईच्या धाकातला. आई पार्बताबाई. तिच्या घरात सुनेनं पाळायच्या गोष्टींत पहिली ही, की नवऱ्याचं नाव तोंडातून निघता कामा नये. नाव घेतलं की त्याचं आयुष्य झिजतं. लग्नात उखाण्यात एकदा घ्यायचं, ते बायकांच्या घोळक्यात, मान खाली घालून. शकुन आकाशातल्या सूर्यालासुद्धा सूर्य म्हणत नसे. दिवस उगवला, दिवस बुडाला, असं म्हणायची.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि बोलपट नवे होते. सन पस्तीसच्या दसऱ्याच्या अलीकडचा इतवार. झेंडू दुपारीच खपला. सूर्यभान खुशीत येऊन म्हणाला, "चाल, तुले बोलपट दाखवतो."

"शेषाचं आंग गरम लागून राह्यलं," शकुन म्हणाली.

"ऊन लागलं असन. सावलीत बसला का होते ठीक."

बंडी बाजारातच सोडली आणि दोघं निघाली. त्या जागेला लोक टीनाचं थेटर म्हणत. कापसाचं जुनं गोदाम होतं ते, वर टीन, आत बाकं, मधोमध एक जाडा कनाती पडदा. पडद्याच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. पुरुषांचं फाटक रस्त्यावर, बायकांचं दार मागच्या गल्लीत. सूर्यभाननं बायकोला गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि तो पुढच्या फाटकाकडे गेला. सहाचा खेळ. दिवस बुडायला टेकला होता.

गल्लीतल्या दारावर गोदाबाई. कंत्राटदाराच्या ओळखीनं लागलेली, आणि ओळखीनं लागलेल्या माणसांना असतो तेवढा सगळा माज तिच्यात होता. काठाची लुगडी पुढच्या बाकावर, जाडीभरडी मागं जमिनीवर. शकुनला तिनं दंडाला धरून भिंतीशी बसवलं. "पोट्टं रडलं तं भायेर. भायेर गेली का गेली, मंग आत घेत नाही मी."

खेळ सुरू झाला. आतला अंधार, टीनाखाली कोंडलेला उकाडा, पडद्यावर ती प्रचंड तोंडं. शेषा दचकला आणि रडायला लागला. शकुननं त्याला पदराखाली घेतलं, तो दूध ओढेना. अंग चटके बसावेत असं तापलेलं. पुढच्या बाकावरून कोणीतरी वळून च्यक् केलं, आणि तेवढ्यावर गोदाबाई आली.

"ऊठ."

"अवो माय, पडद्याच्या तिकून माह्या घरच्याइले निरोप द्या ना. लेकराले लय ताप हाये."

"मी का तुही चाकर हाओ? ऊठ म्हनलं ना!"

तिनं शकुनला गल्लीत लोटलं आणि आतून कडी घातली. शकुननं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. बाया रोजच दार वाजवत, आणि दार वाजलेलं ऐकायचं नाही हे गोदाबाईला चांगलं जमलेलं होतं.

शकुनला अमरावतीत माहीत काय, तर बाजार आणि बाजाराची वाट. दवाखाना कुठे हे ठाऊक नाही. बैल हाकायला नवरा पाहिजे. गल्लीला वळसा घालून ती पुढच्या फाटकाशी आली.

तिथं नत्थुजी उभा होता. अकोल्याचा गडी, एकेकाळी कुस्त्या मारलेला, काळा कोट, हातात तेल पाजलेली लाठी. फाटकासमोर पानठेला, आणि ठेल्यावर चारपाच रिकामटेकडे.

"अथी बायाचा दरवाजा नाही. गल्लीतून जा."

"तिकून काढून देलं जी. आमच्या घरच्याइले बलावून द्या. लेकरू तापानं फनफनून राह्यलं."

"कोन घरचे?"

"भातकुलीचे."

"भातकुलीचे तं धा जन असतीन आत. नाव सांग, हाक मारतो."

शकुनचं तोंड मिटलं. नत्थुजीला कळलं, आणि मजा वाटली. कळलं नसतं तर एक वेळ माफ करता आलं असतं.

"नाव नाही घेत थे, नत्थुजी!" ठेल्यावरून एक ओरडला. "उखाना घ्याले सांगा!"

"हं, घे उखाना. चांगला झाला तं मी सोता आत जातो."

"पाया पडतो जी तुमच्या. उंच हायेत, काळा कोट हाये, भिवईवर जखमेचं वन हाये..."

"काळा कोट तं माहाबी हाये. मी चालतो का?"

ठेला खदखदून हसला. शकुननं मग मावळतीकडे बोट दाखवलं. तिला वाटलं, एवढ्यावरून तरी समजेल. पण दिवस केव्हाच बुडाला होता. तिकडे नुसता तांबडा काळोख होता.

"तिकडं काय दाखवते? तिकडं मसनवट हाये."

यावर मात्र कोणी हसलं नाही. ठेलेवाल्यानं उगीच चुना ढवळला.

असा किती वेळ गेला? आत एक रीळ संपून दुसरं लागलं होतं. ती ओळखीचं कोणी दिसतं का पाहत राहिली. इतवारी संध्याकाळी बाजारातली माणसं घरी गेलेली असतात. मग शेषानं डोळे फिरवले. मुठी वळल्या, ओठ निळे पडले, आणि ते एवढंसं अंग धनुकलीसारखं ताठलं.

"आकडी आली! अवो, आकडी आली लेकराले!"

नत्थुजीनं एकदा खाली पाहिलं. "सोंगं हायेत. पोट्ट्याले चिमटा घ्याचा अन् मर्दाच्या फाटकातून फुकट आत शिराचं. लय पाह्यल्या." आणि त्यानं लाठी आडवी धरली.

तेव्हा आतला आवाज थांबला. रीळ बदलायला पडदा काळा झाला होता. शकुननं लाठीला छाती लावली, डोळे मिटले, आणि जी हाक तिनं जन्मात मारली नव्हती ती मारली.

"सूर्यभान!"

आत सूर्यभाननं ती ऐकली. चांगली ऐकली. पण त्याच्या नावानं त्याला हाक मारणाऱ्या बाया जगात दोनच. एक आई, ती भातकुलीला. दुसरी थोरली बहीण, ती पटकीत मरून सहा वर्षं झालेली. बायकोचा आवाज त्यानं आपल्या नावात कधी ऐकलेलाच नव्हता. उखाण्यातलं ते पुटपुटणं काही आवाज नव्हे. आणि लहानपणापासून शिकवलेलं होतं, अंधारात अनोळखी आवाजानं हाक आली तर ओ द्यायची नाही. भूत दोनच हाका मारतं. तिसरी मारतं ते माणूस.

सूर्यभाननं बाक घट्ट धरलं आणि तो बसून राहिला.

"सूर्यभान!"

तो उठला नाही.

बाहेर शकुनला वाटलं, एकदा घेतलं, दोनदा घेतलं, त्याचं आयुष्य सांडलं आणि तो आला नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडायला तिला फार वेळ लागला. तिसरी हाक म्हणजे हाक नव्हती, नुसतं गुरासारखं हंबरणं होतं. तेव्हा सूर्यभान माणसं तुडवत बाहेर आला.

बंडी जोडायला तो थांबला नाही. मूल छातीशी धरून दवाखान्यापर्यंत पळाला, ती मागून. डॉक्टरनं विचारलं, "केव्हापासून?" मग डोळ्यांच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि मिटल्या. म्हणाला, अर्धा तास आधी आणायचं होतं.

परतीच्या वाटेवर बंडीत सूर्यभान एकदाच बोलला. "मले वाटलं..." भुताच्या दोन हाकांचं तिलाही लहानपणापासून ठाऊक होतं.

पार्बताबाईनं सगळं ऐकून घेतलं. नातवाला मातीत ठेवून माणसं परतल्यावर ती म्हणाली, "तीनदा घेतलं? मंग एक जीव तं जानारच व्हता. माहा वाचला बाप्पा." आणि मीठमोहऱ्या घेऊन तिनं लेकाची दृष्ट काढली. शकुन चुलीशी बसून ते पाहत होती.

नाव घेतल्यानं माणूस मरत नाही. हे अजून सांगावं लागतं याचीच लाज वाटली पाहिजे. शेषा गेला तो डोक्यात चढलेल्या तापानं आणि फाटकावरच्या त्या अर्ध्या तासानं. पण शकुनला हे सांगणार कोण? तिच्या जगात नावाला जोर होता, आणि तो जोर तिनं स्वतःच्या तोंडानं अनुभवला होता.

तीन आठवडे ती बाजाराला गेली नाही. चौथ्या इतवारी गेली. संध्याकाळी उरलेला झेंडू टोपलीत घेऊन टीनाच्या थेटराच्या फाटकासमोर, ठेल्याच्या बाजूला येऊन बसली. नत्थुजीनं तिला ओळखलं आणि दुसरीकडे पाहिलं. खेळ सुरू झाला, रस्ता निवला, दिवस बुडाला. शकुननं माळ ओवता ओवता, मान वर न करता हाक मारली.

"नत्थुजी."

आणि थोड्या वेळानं, "नत्थुजी."

मग काही नाही. ती माळ ओवत राहिली.

"काय हाये?" तो म्हणाला. म्हणाला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण दुसऱ्या हाकेला ओ दिली. ठेल्यावरच्या माणसांच्याही ते लक्षात आलं.

दर इतवारी ती येऊ लागली. दोन हाका, कमी नाहीत, जास्त नाहीत. शिवी नाही, शाप नाही. पोलिसानं हटकलं तर फुलं विकते म्हणायची, आणि खरंच विकत होती. नत्थुजीनं आधी दरडावलं. मग लाठी आपटली. मग दंडात ताईत बांधला. दिवाळीनंतर तो इतवारी दुपारपासूनच गप्प राहायला लागला. गल्लीतून काढलेल्या बाया-लेकरांना तो आता पटापट आत सोडी, नावं विचारत नसे; पण त्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. अंगानं तो उतरला. झोप येत नाही, असं ठेलेवाल्याला म्हणाला. एवढा कुस्तीतला गडी, आणि दोन शब्दांनी पोखरला.

पौषात एका इतवारी तो फाटक सोडून तिच्यापुढे येऊन उकिडवा बसला.

"बाई, चुकलो मी. तिसरी मारून दे. एकडाव मारून दे, मी मोकळा होतो."

शकुननं त्याच्याकडे पाहिलं. सुईत दोरा ओवला, एक फूल घेतलं, दुसरं घेतलं.

"बाई, मलेबी लेकरं हायेत ना."

तिनं दोरा दातानं तोडला आणि माळ टोपलीत ठेवली. त्या दिवशी तिनं हाकासुद्धा मारल्या नाहीत, आणि ते त्याला जास्त लागलं. बडनेऱ्याहून रातच्या गाडीनं तो अकोल्याला गेला, तो परत आला नाही. तिथं तो जगला की मेला, कोणी विचारलं नाही.

सूर्यभान घरी म्हणाला, "आता तं झालं ना? आता नोको जाऊ."

पुढच्या इतवारी संध्याकाळी ती टोपली घेऊन फाटकासमोर आली. दारावर नवा माणूस होता, तरणा, कोऱ्या कोटातला. बायकांच्या गल्लीतून काढलेली एक बाई पोर घेऊन त्याच्यापुढे उभी होती आणि तो हसत तिला म्हणत होता, "नाव सांग ना, लाजते काय?"

शकुननं टोपली खाली ठेवली, पदर सावरला, आणि त्याच्याजवळ गेली.

"तुमचं नाव काय जी?" तिनं विचारलं.

"उत्तमराव," तो ऐटीत म्हणाला.