सीटवाले चाचा आणि जगातल्या सगळ्या मशिदी

जगातल्या सगळ्या मशिदी पाहिलेला माणूस बघायचा असेल, तर विसरवाडीच्या फाट्यावर उतरावं. माझ्या सिमेंटच्या दुकानाला लागून ट्रकच्या सीट शिवायचं दुकान आहे. तिथे शिलाई मशीनमागे बसलेले सीटवाले चाचा म्हणजेच तो माणूस. ते सुरतेच्या पुढे कधी गेलेले नाहीत, पण ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब आहे. ड्रायव्हर मुलखामुलखाची कॅलेंडरं आणून देतात, आखातात कामाला गेलेले नातेवाईक मोबाइलवर फोटो धाडतात, आणि चाचा ती मशीद 'जाऊन पाहून' येतात. आल्यावर प्रवासाने थकून आल्यासारखे चहा मागवतात. तो बहुतेक वेळा मीच पाजतो, कारण त्यांच्या निम्म्या हकिगती मी गिऱ्हाइकाकडे बघत ऐकलेल्या असतात आणि मला त्याची टोचणी लागून राहते.

चाचा मशिदीकडे शिंप्याच्या नजरेने बघतात. तुर्कस्तानातल्या मोठ्या घुमटाला चहूबाजूंनी अर्धे घुमट टेकू देतात, ते त्यांना गादीला लोड लावल्यासारखे वाटतात. आफ्रिकेतली मातीची मशीद तर त्यांची लाडकी. तिच्या भिंतीतून लाकडाची टोकं बाहेर आलेली असतात, दरवर्षी अख्खं गाव त्यांवर चढून तिला हातांनी लिंपतं. चीनमध्ये छपराची टोकं वर वळलेली, जावा बेटात पाऊस फार म्हणून छपरावर छप्पर. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली की आमचं नंदुरबार आणि मक्का जवळपास एकाच आडव्या रेषेत येतात, हे ते प्रत्येकाला दाखवतात, जणू ती रेष त्यांनीच मारली. हे सगळं मग सीटवर उतरतं. एका सरदारजींनी साधी लाल केबिन सांगितली होती, चाचांनी दोन्ही दरवाजांवर रेक्झिनचे मिनार शिवले. सरदारजी, मिनार आहेत तर घुमट का नाही, म्हणून टपावर तोही शिवून घेऊन गेले. एका भजनी मंडळाच्या जीपला सीटला मशिदीतल्या मेहराबीसारख्या कमानदार पाठी मिळाल्या. मंडळ त्यांना टेकून तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला जाऊन आलं आणि पाठ दुखली नाही म्हणून पेढे देऊन गेलं.

पण आमच्या इथली मशीद म्हणजे पत्र्याची एक खोली. शुक्रवारी निम्मे लोक अंगणात, उन्हाळ्यात उन्हात आणि पावसाळ्यात पावसात. चाचांची जागाही अंगणातच. कमिटीकडे वर्गणी जमली ती एकच काही बांधण्यापुरती. हायवेवरून दिसेल असा उंच मिनार बांधायचा, असं ठरत आलं होतं. चाचांना हवा होता ओटा आणि त्यावर कौलारू पडवी. पैगंबरांनी बांधलेल्या पहिल्या मशिदीला घुमट होता का, असं ते सगळ्यांना विचारत फिरले. "खजूरना खोडसना खांब आनि झावळ्यास्नी सावली. मानसं बठतीन, तीच मशीद." कमिटीचे अध्यक्ष गॅरेजवाले, ते म्हणाले, "चाचा, तुम्ही सीटा शिवा. मशीद आम्ही बांधसूत." मी गप्प बसलो. मिनाराचं सिमेंट माझ्याच दुकानातून जाणार होतं, हे माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

त्यानंतर चाचांनी सीटचं काम बाजूला ठेवलं आणि ट्रकांच्या जुन्या ताडपत्र्या एकमेकींना शिवायला घेतल्या. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी बांबू रोवून त्यांनी अख्ख्या अंगणावर छप्पर ताणलं. दोरी धरायला मी होतो, तेवढंच प्रायश्चित्त. ताडपत्रीच्या पुढच्या कडेला चाचांनी ओळीने कमानी कापल्या होत्या. एका जागी जुनं ठिगळ आडवं आलं, तिथली कमान वाकडी आणि रुंद झाली. दुपारी नमाज झाली आणि कुणी उठेचना. म्हातारे पाय पसरून बसले, अध्यक्षांना तर बांबूला टेकून डुलकी लागली. चाचा त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "अध्यक्षसाहेब, मिनार खाले अशी झोप लागती का?" सगळी ताडपत्री हसली. अध्यक्षही हसले, आणि तिथेच, कुणी न उठता, पडवीचं ठरलं.

पावसाच्या आत पडवी उभी राहिली. पुढच्या लाकडी झालरीला चाचांच्या कमानी घ्यायच्या, असं सुताराला सांगितलं होतं. त्याने ताडपत्री फळीवर अंथरली आणि इमानदारीत रेघ मारली, ठिगळासकट. झालर चढली तेव्हा वाकडी कमान सगळ्यांना दिसली. अध्यक्ष उतरवायला निघाले, पण चाचा पुढे झाले आणि मान वर करून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुर्कस्तान मा नही, चीन मा नही. अशी कमान जग मा फक्त विसरवाडीले शे."

आता चाचांच्या हाताला कंप आहे. मशीनवर कापड टाकलेलं असतं. ड्रायव्हर अजून फोटो दाखवतात, पण चाचांना नीट दिसत नाही. ते मोबाइल परत देतात. दुपारी ते पडवीत त्या वाकड्या कमानीखाली बसतात. पाऊस आला की एसटीची वाट बघणाऱ्या बायका पाट्या घेऊन ओट्याच्या कडेला येतात, चाचा सरकून त्यांना जागा देतात. परवा मी चहा घेऊन गेलो आणि दुकान उघडं टाकून नीट समोर बसलो. विचारलं, "आज कोणती मशीदले जाई उनात, चाचा?"

त्यांनी खांबावर हात ठेवला. "कोठेच नही. आते आठेच, आपली पडवी मा." आणि सरकून मला सावलीत घेतलं.